एका कुकरातलं जेवण

दसरा झाला की आमच्या किन्हवलीकडच्या शेतांतलं पाणी ओसरतं आणि भात पिवळा पडतो. वरच्या अंगाचा हळवा आधी, खालच्या शेतातला गरवा मागाहून. पहाटे दव पडतं, दुपारी ऊन असं भाजतं की विळ्याची मूठही तापते. कापलेल्या पेंढ्याचा वास सगळ्या गावावर पसरतो. त्या वासाबद्दल लोक फार गोड बोलतात. मला तो आला की मी खिडकी लावून घेते.

बाहेरच्या माणसाला हे पटायचं नाही. कापणी म्हणजे घर भरण्याचे दिवस. पण आमच्या आवारात एका कापणीनं एक बाई आडवी केली आणि दुसरीला जन्माची बोलणी लावली. आडवी झाली ती माझी मोठी जाऊ, सुमनताई. बोलणी लागली ती मला. आणि मुळाशी कारण काय, तर मला स्वयंपाक आवडत नाही.

येत नाही असं नव्हे. येत नाही म्हणणाऱ्या बाईला माणसं माफ करतात, शिकेल म्हणतात. आवडत नाही म्हणणारीचं काय करायचं ते कुणाला कळत नाही. मी आरोग्यसेविका. दिवसभर वाड्यावस्त्यांवर फिरायचं, बाळांना लशी टोचायच्या, गरोदर बायांची वजनं घ्यायची, नको म्हणणाऱ्या सासवांशी हुज्जत घालायची. घरी आले की मी कुकर लावायची. खालच्या डब्यात तांदूळ आणि मूगडाळ एकत्र, हळद, मीठ, पाणी जरा सढळ. वरच्या डब्यात बटाटे आणि धुतलेली अंडी. शिट्ट्या होईपर्यंत हातपाय धुऊन व्हायचे. तव्यावर मूठभर सुकट भाजायची, कच्चा कांदा चिरून त्यात चुरायची, वर लिंबू. कधी टोमॅटो, कधी नुसतं दही. झालं जेवण. गरम, पोटभर, कधी कुणाला बाधलं नाही.

माझं माहेर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. तिथे आई नाचणीच्या भाकऱ्या एकदाच थापून ठेवायची आणि रानात जायची. उन्हाळ्यात आंबील, पावसाळ्यात जी भाजी डोंगरानं दिली ती उकडून, मीठमिरची लावून. आई रांधायची नाही, उरकायची. तिला कुणी त्यावरून बोलल्याचं मला आठवत नाही. डोंगरावरच्या माणसांना जेवणात मिरवायला वेळच नव्हता. जेवण म्हणजे चढणीला लागायच्या आधी पोटात टाकायची गोष्ट. मी लग्न होऊन किन्हवलीला आले, तेव्हा मला वाटलं होतं, तालुका बदलेल, भाताचा वाण बदलेल, बाकी काय बदलायचंय? जेवणाचा असा मान असतो, आणि तो मान बाईच्या मनगटातून वसूल करतात, हे मला शहापूर तालुक्यानं शिकवलं.

आमचं आवार एक, घरं समोरासमोर दोन. एका घरात मी, माझा नवरा आणि आमचा ओम. समोरच्या घरात मोठे भाऊजी, सुमनताई आणि त्यांची प्राची. शेत मात्र एकत्रच. सासूबाई जाताना घरं वाटून गेल्या, शेत आणि कापणी वाटायची राहिली.

सुमनताईच्या हाताला चव होती. हे मी कडवटपणानं लिहीत नाही, खरंच होती. तांदळाच्या भाकऱ्या इतक्या पातळ की पापुद्रा नुसत्या फुंकरीनं उठावा. वालाचं बिरडं ती करायची तेव्हा आवारातून जाणारा माणूस उगाच थांबून भाऊजींना पावसापाण्याचं विचारायचा. लग्नकार्यात तिला बोलावणी यायची. भाऊजी चारचौघांत म्हणायचे, "आमच्या घरात अन्नपूर्णा हाय." ती तेव्हा पदराला हात पुसत हसायची. तिच्या मनगटावर तव्याच्या चटक्यांचे डाग होते, नवे लाल, जुने काळे. इंजेक्शन द्यायच्या सवयीनं माझं लक्ष माणसाच्या हाताकडे आधी जातं, म्हणून मला ते दिसायचे.

त्या वर्षी भात चांगला आला होता. मजूर बाया आल्या, विळे चालले, आणि कापणीच्या पहिल्याच दिवसांत एका संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं ताट बाजूला सारलं.

"रोज रोज हे आजाऱ्याचं जेवण नाय उतरत गो घशाखाली."

"मग काय पाहिजे?"

"वयनीकडं बोंबलाचा रस्सा हाय. वास हितवर येतोय."

"जा मग," मी म्हणाले.

मी जा म्हणाले ते रागानं. तो खरंच गेला. ताट तसंच हातात धरून, त्यातला भात कोंबड्यांपुढे टाकून, आवार ओलांडून गेला. मी ओट्यावरून पाहत राहिले. सुमनताई दारात आली, तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग आवाराच्या पलीकडून माझ्याकडे पाहिलं. दिराला नाही कसं म्हणायचं? तिनं त्याच्या हातातलं ताट घेतलं.

दुसऱ्या संध्याकाळी तो हात धुऊन थेट तिकडेच गेला. मग ओमही जायला लागला. पोर ते, तळलेला मासा कुठे आहे हे त्याला कळायचं. मी भाऊजींना म्हणाले, "हे बरं नाही. तिच्यावर मजुरांचं आहे, घरचं आहे, त्यात आमचं कशाला?" भाऊजी ओटीवर बसून विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "खाऊ दे गो. माझा भाऊच हाय. एका ताटानं काय होतंय?"

एका ताटानं काय होतं ते ताट वाढणारीला विचारायचं असतं. एका ताटामागे आणखी भाकऱ्या असतात, आणखी पाणी, आणखी लाकूड, धुराकडे आणखी थोडं डोळे मिटून बसणं असतं. खाणाऱ्याला ताट दिसतं, त्यामागचं वाकणं दिसत नाही.

मी तरी म्हणाले, "मग मजुरांचं मी करते. मोठा कुकर आणू. डाळभात, अंडी, कांदा. शेतावर मी पोहोचवते, मग कामावर जाते."

भाऊजी हसले. "कापणीच्या बायांना मऊ भात? गाव हसंल. म्हणतील, घरात कोण आजारी हाय काय?"

माझा नवराही हसला. मला वाटतं, त्या हसण्याचा मला जेवढा राग आहे तेवढा पुढच्या कशाचाही नाही. दोन भाऊ हसत होते, आणि ज्या बाईचं ओझं हलकं व्हायचं होतं ती आत चुलीपाशी ऐकत होती.

आता संध्याकाळी मी एकटी जेवायची. आधी अपमान वाटला, मग बरं वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. एकट्या माणसाच्या जेवणाला आवाज नसतो. समोरच्या घरातून भांड्यांचे, हसण्याचे, "वाढ गो अजून" असे आवाज यायचे. मी जेवून ताट विसळून टाकायची. गावातल्या बायांना दोन दिवसांत कळलं. नळावर एकीनं विचारलं, "तुमचे हे जाऊकडं जेवतात म्हणं?" तिच्या आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या आतून मजा.

आणि मग एक दिवस सुमनताई माझ्या मागच्या दारात आली.

मी कामावरून नुकतीच आले होते. उन्हं कलली होती. शेतावरचं जेवण पोहोचवून, भांडी घासून, संध्याकाळची चूल पेटवायच्या आधीचा तिचा तेवढाच एक मोकळा वेळ. दारात उभी राहून तिनं विचारलं, "कुंदा, तुझ्या कुकरात काय हाय गो?"

"काय असणार? तोच मऊ भात."

"दे जरा."

मी ताटलीत भात दिला, अंडं सोललं. ती पायरीवर बसली आणि जेवायला लागली. इतक्या घाईनं मी कुणाला जेवताना पाहिलं नव्हतं. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. सगळ्यांना वाढेपर्यंत तिची भूक मरून जायची, आणि तेलामसाल्याच्या वासानं तिला शिसारी यायची.

"तुझ्या भातात काय नसतं," ती म्हणाली, "म्हणून बरा लागतो."

मी हसले. ती हसली नाही. ताटली पुसून खाल्ली आणि खाली बघत म्हणाली, "मला पयल्यापासून नाय आवडत गो रांधायला. चुलीपुढं बसले की असं वाटतं, उठावं आन् निघून जावं. कुठं ते नाय म्हायत."

मला आधी खरं वाटेना. ज्या हाताची तालुक्यात वाहवा होते तो हात म्हणतोय, मला हे नको. "मग करता कशाला एवढं? थोडं साधं करा ना. भाताबरोबर एक कालवण पुरे."

"नाय केलं तर मला इचारंल कोण? मी काय तुझ्यावानी शिकलेय? रांधते म्हणून नाव हाय."

ती रोज यायला लागली. त्या कापणीतले बरे क्षण माझ्याकडे तेवढेच आहेत. मागची पायरी, दोघींच्या मध्ये एक ताटली. ती कधी म्हणायची, आज पातळ पेज कर. कधी म्हणायची, नुसता भात आणि वर कच्चं तेल-मीठ दे. तिला काय आवडतं हे तिला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सांगताना ती लाजायची. समोर भाऊजींच्या घरात माझा नवरा तिच्या हातच्या कालवणावर भाकरी मोडायचा, आणि ते कालवण करणारी माझ्या पायरीवर बसून आजाऱ्याचं जेवण जेवायची. हे दोन्ही एकाच आवारात, एकाच कापणीत चालू होतं, आणि दोघा भावांना त्यातलं अर्धंच दिसत होतं.

एकदा ती बसताना भिंतीला हात लावून बसली. म्हणाली, डोकं ठणकतंय, मानेत काहीतरी धरलंय. मी आतून मशीन आणलं आणि तिचं बीपी पाहिलं. मग पाच मिनिटं तिला गप्प बसवून परत पाहिलं. मशीन बिघडलेलं असावं असं मला फार वाटत होतं. ते नीट होतं.

मी तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या मिळाल्या, मीठ कमी सांगितलं, विश्रांती सांगितली. विश्रांती हा शब्द ऐकून ती माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हसली. घरी येऊन मी भाऊजींना समोर बसवलं. मी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं, की हे असंच राहिलं तर डोक्यात रक्ताची नळी फुटू शकते. चूल बंद करा. निदान कापणीपुरती माणूस ठेवा रांधायला, नाहीतर मी करते ते सगळ्यांनी खा.

त्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नाहीत ते, हेही लिहिलं पाहिजे. त्यांचा चेहरा पडला होता. पण म्हणाले, "एवढी कापणी उरकू दे. मग ठाण्याला नेऊन चांगलं दाखवू."

नवऱ्याला मी घरात सांगितलं, "उद्यापासून इथे जेव. तिच्या जिवाशी आहे हे." तो म्हणाला, "तू आरोग्यखात्यातली. तुला सगळीकडं आजारच दिसतो." पण दोन दिवस जेवला माझ्याकडे. मग खालच्या शेताची कापणी लागली, थकवा वाढला, आणि थकलेल्या माणसाला चमचमीत लागतं असं म्हणत पुन्हा तिकडे गेला.

गोळी जेवणानंतर घ्यायची होती. मी रोज विचारायची, "घेतली का?" ती म्हणायची, "जेवलेच नाय अजून." जी सगळ्यांना जेवायला घालते तिला गोळी घ्यायला जेवण सापडत नव्हतं. मग मी गोळ्या माझ्याकडेच ठेवल्या. पायरीवर ताटली दिली की मागून गोळी द्यायची. पण मला एखाद्या दिवशी उशीर व्हायचा, कुठे बाळंतीण अडलेली असायची, आणि तो दिवस तसाच जायचा.

भारे झोडून दाणे काढायचं काम, झोडणी, संपली की आमच्यात खळ्यावर कोंबडं कापतात. बाया, गडी, भावकी, सगळे जेवायला. त्या दिवशी सुमनताई सकाळपासून मागच्या पडवीत चुलीपुढे होती. प्राची तेव्हा पाचवीत. तिला आईच्या मदतीला बसवलं होतं, पीठ मळून द्यायला. माझी सुट्टी होती. मी कांदे चिरले, पाणी भरलं, आणि दोनदा सुमनताईला म्हणाले, "उठा, मी थापते भाकऱ्या." तिनं माझी पहिली भाकरी पाहिली, कडा फाटलेली, आणि म्हणाली, "राहू दे. आज नाय. आज सगळे बघतात."

मी पाण्याची कळशी घेऊन खळ्याकडे गेले. परत येत होते तर प्राची पळत समोर आली. "काकी, आई भाकरी उलटत नाय. बघतच बसलीय."

भाकरी तव्यावर काळी होऊन धुमसत होती. सुमनताई भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या तोंडाची उजवी कड खाली ओघळली होती. मला काही तपासावं लागलं नाही. मी चुलीतलं लाकूड ओढून पाणी टाकलं आणि खळ्याकडे तोंड करून ओरडले. तिकडे हसण्याखिदळण्याचा आवाज होता. पहिल्या हाकेला कुणालाच ऐकू गेलं नाही.

जीपनं शहापूरला नेलं, तिथून पुढे ठाण्याला. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि वाचा गेली. इस्पितळाच्या व्हरांड्यात भाऊजी भिंतीशी उभे होते. मी जवळ गेले, म्हटलं काहीतरी धीर द्यावा. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू तुझ्या घरात दोन घास नीट रांधले असतेस, तर हिच्यावर ही पाळी आली नसती."

माझा नवरा शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. सगळं त्याला माहीत होतं. मशीन, गोळ्या, विश्रांती, कोण कुणाच्या दारात जेवायला गेलं आणि कोण घरी बोलवत राहिलं. तो खाली फरशीकडे बघत राहिला.

तेव्हापासून गावात हीच गोष्ट चालते. कुंदा रांधायची नाय, म्हणून सुमनला सगळ्यांचं करावं लागलं, म्हणून सुमन पडली. गोष्ट सांगायला सोपी आहे, लक्षात राहते, आणि तिच्यात दोन्ही भावांचं नाव कुठे येत नाही. मी ती कधी मान्य केली नाही. सुरुवातीला भांडले. नंतर कळलं, की भांडण्याला दुसऱ्या बाजूनं कुणी लागतं, आणि इथे सगळे नुसतेच उसासे टाकतात.

पुढचं सांगायलाच हवं. दोन्ही घरांचं जेवण माझ्यावर आलं. मी मोठा कुकर आणला. तांदूळ, मूगडाळ, वर बटाटे, अंडी. तव्यावर सुकट. तेच जेवण, रोज. भाऊजी जेवले, माझा नवरा जेवला. कुणी म्हटलं नाही की आजाऱ्याचं आहे. आता घरात आजारी होतंच, त्यामुळे ते शोभत होतं. एकदा भाऊजींनी ताट पुढे करून आणखी भात मागितला. मी वाढला. वाढताना मला इतकं रडू आलं की मी पळी तिथेच ठेवून मागच्या दारी गेले. माझा भात आधीच्या कापणीतही असाच होता. हा मोठा कुकर तेव्हाच आणला असता तरी चाललं असतं.

सुमनताईला मी भरवायची, नंतर ती डाव्या हातानं खायला शिकली. मऊ भात तिला गिळायला सोपा जायचा. शब्द फार सावकाश परत आले, एकेक, मध्ये मोठी दरी टाकून. लोक भेटायला येत, तिच्या समोर बसून एकमेकांशी बोलत. "काय हात होता तिचा! ते बिरडं आता नाय मिळायचं." तिच्या मांडीवर पडलेला तो हात तिथेच असायचा. त्याच्याकडे न बघता ते त्याच्या चवीबद्दल बोलत. दर वेळी मला वाटायचं, हिला विचारावं, काय वाटतं हे ऐकून. एकदा विचारलंही. तिनं बराच वेळ घेतला आणि म्हणाली, "सुटले."

ती सुटली असं मला वाटत नाही. पण त्या शब्दाला मी खोडून काढलं नाही.

आता यंदाची कापणी. प्राची मोठी झाली, मुरबाडला एका कंपनीत जाते, सकाळची एसटी पकडते. तिच्या लग्नाचं चाललंय. मागच्या आठवड्यात मुरबाडकडची माणसं तिला बघायला आली. मुलगा, त्याचे आईवडील. घर शेतीचं, मुलगा नोकरीवाला, दिसायला शांत. सुमनताईला नवी साडी नेसवून मी खुर्चीत बसवलं होतं. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण विचारून झालं. मग मुलाची आई म्हणाली, "स्वयंपाक सगळा येतो ना गो? आमच्याकडं कापणीला माणसं असतात बरीच."

प्राचीनं मान खाली घातली. भाऊजी पुढे सरसावले. "आईची लेक हाय ती. हिच्या हातचं जेवण आख्ख्या किन्हवलीला ठाव हाय. पोरीच्या हातात तीच चव हाय बघा."

"नाय येत."

आधी कुणाला कळेना कोण बोललं. सुमनताई डाव्या हातानं खुर्चीची कड धरून बसली होती. तोंड तिरपं, पण डोळे सरळ मुलाच्या आईकडे. "नाय येत तिला," ती म्हणाली. मग शब्द शोधत थांबली. "आवडत... पण नाय. मला... पण... नाय आवडायचं."

भाऊजी हसले. "आजारापासून असंच कायतरी बोलते. मनावर घेऊ नका." पाहुणेही हसले. त्यांना हसायला बरं निमित्त मिळालं. मुलाची आई मायेनं सुमनताईच्या गुडघ्यावर थोपटायला लागली, लहान मुलाला थोपटावं तशी.

माझ्यानं राहवलं नाही. "आजारानं तिची जीभ जड झाली, भाऊजी. डोकं शाबूत आहे. ती खरं बोलतेय."

हसणं थांबलं. मुलाच्या आईनं हात मागे घेतला. पुढे थोडा वेळ भाताच्या भावाबद्दल बोलणं झालं, आणि निरोप पाठवतो म्हणून ते गेले. निरोप आलेला नाही.

भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. नवरा म्हणाला, "तुला तोंड घालायची काय गरज होती?" ते दोघे असंच वागणार, हे मला माहीत होतं. मला लागलं ते प्राचीचं. ती संध्याकाळी माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली. मला वाटलं, मिठी मारेल. ती म्हणाली, "काकी, मला मुलगा पसंत होता. मी शिकले असते रांधायला. त्यात काय एवढं?"

तिला काय सांगायचं? पायरीवरची ताटली सांगायची, की ओघळलेलं तोंड? ते तर तिनंच पहिल्यांदा पाहिलं होतं. मी म्हणाले, "आईला वाटलं तुझं भलं व्हावं."

"आईला नाय आवडायचं तर तिनं नाय करायचं होतं," प्राची म्हणाली. "माझ्या लग्नात कशाला सांगायचं?" आणि गेली.

काल आमची झोडणी संपली. आज खळ्यावर कोंबडं. सकाळी मी कुकर काढायला गेले तर समोरच्या घराच्या मागच्या पडवीतून चुलीचा धूर दिसला, म्हणून तिकडे गेले. प्राचीनं रजा घेतली होती. तिनं कोंबडी धुऊन ठेवली होती, खोबरं भाजलं होतं, आणि ताटात आलं, लसूण, सुक्या मिरच्या मांडून ती आईच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली होती.

"आई, वाटणात आधी काय घालायचं? आन् किती?"

सुमनताई तिच्याकडे बघत राहिली.

"आई, वाटण गो. तू करायची ते." प्राची मोठ्यानं म्हणाली, जणू आईला ऐकू कमी येतं.

सुमनताईचे ओठ हलले. मी दारात उभी होते, मला स्पष्ट दिसलं. शब्द जिभेपर्यंत आले होते. मिरची, खसखस, किती, कधी, सगळं तिच्यापाशी होतं. मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

प्राचीनं ताटातली एक मिरची उचलून परत ठेवली. मग तिनं मला पाहिलं. "काकी, तुमाला तरी ठाव हाय?"

"नाय," मी म्हणाले.

तिनं डोळे पुसले, पाटा जवळ ओढला आणि अंदाजानंच वाटायला लागली. खळ्याकडून माणसांचे आवाज येऊ लागले होते.